मळ काढायचा असतो, धातू नाही

खंडेनवमीला आमच्या दुकानात हत्यारांची पूजा असते. चिमटे, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं पुसून पाटावर मांडायचं आणि त्या दिवशी कुणाच्याही घड्याळाला हात लावायचा नाही, ही बाबांची रीत. बाबांच्या मागे मी त्याच टेबलावर बसते आणि रीतही पाळते. गेल्या वर्षी मात्र ती मोडावी लागली. बाबांच्या वेळेपासून येणारे एक काका रुमालात गुंडाळलेलं घड्याळ घेऊन दारात उभे होते. त्यांच्या निवृत्तीला मुलाने न्यू जर्सीहून आणलेलं स्विस घड्याळ होतं ते. काचेच्या आतल्या बाजूने पाण्याचे बारीक थेंब दाटले होते.

"काका, पाण्यात घातलं होतंत का?"

"अगं, कोमट पाण्यातच. दसऱ्याला घालायचं म्हणून धुतलं. मेसेजमध्ये तसंच दिलं होतं."

त्यांनी मोबाइल पुढे केला. तो मेसेज मला नवा नव्हता. दर सणाच्या आधी तो फिरतो आणि सणानंतर त्याची गिऱ्हाइकं आमच्याकडे येतात. मथळा असा: 'लाखाचं घड्याळ घरच्या घरी नव्यासारखं करा, सर्व्हिस सेंटरचे हजारो रुपये वाचवा'. खाली उपाय. काच आणि केसवरचे, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावरचे, ओरखडे टूथपेस्टने घासून घालवा. स्टीलची चेन व्हिनेगर आणि खायच्या सोड्यात बुडवा. मागे '30 मीटर' लिहिलं असेल तर घड्याळ साबणाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं बिनधास्त ठेवा, 1927 साली असं घड्याळ इंग्लिश खाडी पोहून गेलं आहे. चावी ओढून फटीत सॅनिटायझरचे थेंब सोडा. झाकण उघडून आतली धूळ ब्रशने झाडा. चामड्याच्या पट्ट्याला खोबरेल तेल चोळा. आत वाफ धरली तर तांदळाच्या डब्यात ठेवा, नाहीतर हेअर ड्रायर फिरवा.

यातली पहिली भावना बरोबर आहे, आणि ते आधीच सांगते. घड्याळ घरी साफ करायलाच हवं. आपल्या हवेत मनगटाला घाम येतो. तो मीठ, त्वचेचा तेलकटपणा आणि धूळ घेऊन चेनच्या कड्यांमध्ये बसतो. त्या काळ्या चिकट थराखाली मीठ महिनोन्महिने ओलं राहतं आणि घड्याळासाठी वापरतात त्या चांगल्या 316एल प्रतीच्या स्टीललाही तिथे बारीक खड्डे पडतात. स्टीलवर क्रोमियममुळे जो संरक्षक थर असतो तो मिठातल्या क्लोराइडने जागोजागी फुटतो. त्यामुळे 'घड्याळाला घरी हातच लावू नका' असं मी म्हणणार नाही. माझं भांडण पुढच्या उपायांशी आहे. त्या मेसेजने स्वच्छता आणि चमक या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत, आणि घड्याळं तिथेच जातात.

टूथपेस्ट घ्या. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाची बारीक पूड असते. दातावरचा थर खरवडायला ती घातलेली असते. ओरखडा भरून काढणारं तिच्यात काहीच नाही. ओरखडा 'जातो' याचा अर्थ त्याच्या आजूबाजूचा धातू ओरखड्याच्या पातळीपर्यंत खरवडला जातो. टूथपेस्ट घासून काका ज्या केसला चमकदार समजत होते ती मी दिव्याखाली भिंगातून पाहिली. काचेभोवतीच्या कडीवर गोल गोल केसासारख्या रेषांचं जाळं झालं होतं. त्याहून वाईट म्हणजे केसच्या बाजूचा भाग कारखान्यात मुद्दाम एकाच दिशेच्या बारीक रेषा ओढून मंद ठेवलेला असतो. तो मंदपणा ठिकठिकाणी पुसून डाग पडल्यासारखा दिसत होता. चकचकीत भाग जिथे मंद भागाला भेटतो ती धार ही महागड्या घड्याळाची अर्धी कारागिरी असते. ती धार एकदा गोल झाली की परत आणायला धातू आणखी घासावा लागतो. जुनी घड्याळं जमवणारे लोक म्हणूनच न घासलेल्या केसला जास्त मोल देतात, ओरखड्यांसकट.

सोन्याचा मुलामा असेल तर विषयच संपला. जुन्या स्विस घड्याळांच्या मागे 10 किंवा 20 मायक्रॉन असं कोरलेलं असतं. साधा लिहायचा कागद साधारण 100 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आजोबांच्या घड्याळावरचं सोनं कागदाच्या पाचव्या किंवा दहाव्या हिश्श्याइतकं आहे, आणि ते साठ वर्षांत शर्टाच्या बाहीने आधीच झिजलेलं आहे. चार दिवाळ्या टूथपेस्ट लावली की कोपऱ्यातून पितळ डोकावतं.

काचेबद्दल मेसेज अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग मी नाकारत नाही. काच ॲक्रिलिकची असेल, म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या एचएमटी जनतासारखी किंवा ओमेगाच्या स्पीडमास्टरच्या जुन्या ढंगाच्या काचेसारखी, तर वरवरचे ओरखडे बारीक पॉलिशने खरंच निघतात. त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते, ती टूथपेस्टपेक्षा एकसारखी आणि बारीक असते. केसवर चिकटपट्टी लावून फक्त काचेवर ती वापरायची. पण आजच्या बहुतेक महागड्या घड्याळांची काच सफायरची, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची, असते. मोहस्‌च्या कठीणपणाच्या मापावर सफायर 9 वर आहे आणि हिरा 10 वर. टूथपेस्टमधली पूड त्याच्या फार खाली. सफायरवरचा खरा ओरखडा तिने तसूभरही हलणार नाही. हलेल तो चकाकी टाळण्यासाठी काही काचांवर बाहेरून दिलेला लेप, जो केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट पातळ असतो. तो ठिपक्याठिपक्यांनी निघाला की काच कायमची डागाळलेली दिसते, आणि मग काचच बदलावी लागते.

व्हिनेगर आणि सोड्याचा मुद्दा दोन ओळींत संपतो. दोन्ही एकत्र केले की फेस येतो, कर्बवायू उडून जातो आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने मळ निघत नाही. सोडा कमी पडला तर उरलेलं आम्ल मुलाम्याखालच्या पितळेला खातं. आम्ल कमी पडलं तर उरलेला सोडा पुन्हा खरवडतो.

आता गरम पाणी. माझ्या टेबलावर येणाऱ्या सगळ्यात जास्त केविलवाण्या घड्याळांचं कारण हे एक वाक्य आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

'30 मीटर' हे खोलीचं आश्वासन नाही, ते दाबाचं माप आहे. दहा मीटर पाण्याला साधारण एक बार दाब असतो, म्हणून 30 मीटर म्हणजे 3 बार. रोजच्या वापराच्या घड्याळांसाठी आयएसओ 22810 हे मानक आहे. त्यातली दाबाची चाचणी नव्या घड्याळावर, स्थिर पाण्यात, साधारण खोलीच्या तापमानाला होते, आणि प्रत्येक नग तपासलाच पाहिजे असं बंधन त्यात नाही. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं आहे, आयएसओ 6425. त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या दाबापेक्षा 25 टक्के जास्त दाबावर तपासावं लागतं. काकांच्या घड्याळाच्या पाठीवर पहिल्या प्रकारची खूण होती आणि ते अकरा वर्षं एकदाही उघडलेलं नव्हतं.

इथे आमच्याच धंद्यातल्या एका चुकीच्या समजुतीबद्दलही बोलायला हवं. 'हात हलवला की पाण्याचा दाब कितीतरी पट वाढतो, म्हणून 30 मीटरचं घड्याळ पोहताना चालत नाही' असं अनेक दुकानदार सांगतात. हिशेब तसा लागत नाही. सेकंदाला पाच मीटर वेगाने, म्हणजे चांगल्या पोहणाऱ्याच्या हातापेक्षाही जोरात, हात पाण्यात फिरवला तरी वाढणारा दाब सव्वा मीटर पाण्याइतकाच असतो. चुकीचं कारण दिलं की हुशार गिऱ्हाईक ते खोडून काढतं आणि मग बरोबर सल्लाही ऐकत नाही. खरं कारण रबरात आहे.

झाकणाखाली, काचेभोवती आणि चावीच्या आत एकेक बारीक रबरी वॉशर असतो. मळ आणि मशीन यांच्यामध्ये तेवढंच काय ते आहे. मी काकांच्या घड्याळाचं झाकण फिरवलं आणि मागचा वॉशर चिमट्याने उचलला. नवा असताना तो दोऱ्यासारखा गोल असतो. हा दबून रिबिनीसारखा चपटा झाला होता, आणि वाकवला तसा दोन ठिकाणी चिरला. घाम, साबण, अत्तर आणि वर्षं, यांनी रबराचं हेच होतं. पाठीवर कोरलेला 30 चा आकडा तसाच राहतो, त्याच्या मागचं रबर राहत नाही.

त्यात गरम पाणी. घड्याळ पन्नास अंशांपर्यंत तापलं की आतली हवा फुगते आणि थकलेल्या वॉशरमधून थोडी बाहेर निसटते. मग तेच घड्याळ पंचवीस अंशांपर्यंत निवतं. आतला दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो आणि जी फट हवेने शोधली होती तिच्यातूनच पाणी आत ओढलं जातं. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी झालेला असतो, त्यामुळे साधं पाणी जिथे अडलं असतं तिथून साबणाचं पाणी शिरतं. पंधरा मिनिटं हा त्यासाठी भरपूर वेळ आहे. गरम पाण्याने अंघोळ करताना घड्याळ हातात ठेवणाऱ्यांनाही हेच लागू.

आणि ती 1927 ची गोष्ट. ती खरी आहे, पण मेसेजमध्ये सांगितली तशी नाही. मर्सिडीज ग्लाइत्से या पोहणाऱ्या बाईंनी त्या ऑक्टोबरमध्ये इंग्लिश खाडी पार केली. त्यांच्या पराक्रमावर शंका घेतली गेली म्हणून 21 ऑक्टोबरला त्या पुन्हा उतरल्या, आणि या दुसऱ्या खेपेला रोलेक्सचं ऑयस्टर हे घड्याळ त्यांच्या गळ्यात होतं. दहा तासांहून जास्त वेळ थंडगार पाण्यात काढल्यावर त्यांना पलीकडे पोचण्याआधीच बाहेर काढावं लागलं. घड्याळ चालू होतं, आणि कंपनीने पुढच्या महिन्यात 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात केली. म्हणजे ते घड्याळ नवं होतं, त्याची चावी स्क्रूसारखी फिरवून बंद होणारी होती आणि पाणी गार होतं. बादलीतल्या साबणाच्या गरम पाण्यात ठेवलेलं अकरा वर्षांचं घड्याळ याच्याशी जुळत नाही.

चावी ओढून सॅनिटायझर सोडायचा सल्ला वाचून मी खरोखर हादरले. चावी ओढली की अनेक घड्याळांमध्ये दांड्याभोवतीची सीलच सैल होते, म्हणजे आपण दार उघडून द्रव ओततो. तो द्रव अल्कोहोल. चावीच्या घड्याळात टिकटिक ज्या भागातून येते त्या पॅलेटला माणकाचे दोन इवलेसे खडे बसवलेले असतात, आणि ते खडे जागेवर धरून ठेवायला लाख वापरतात. हो, आपली झाडावरच्या किड्यांची लाख. शंभरदोनशे वर्षांपूर्वीही तीच होती, आजही बहुतेक ठिकाणी तीच आहे. फर्निचरला चपड्याचं पॉलिश करणारा सुतार काय करतो ते आठवा: लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये टाकतो आणि ते रात्रभरात विरघळतात. अल्कोहोल पॅलेटपर्यंत पोचलं तर तेच तिथे होणार. एक खडा तसूभर सरकला तरी घड्याळ थांबतं. जंतूंची काळजी असेल तर ते बाहेर असतात, ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा. ॲक्रिलिकच्या काचेलाही सॅनिटायझर लावू नका, तिला आतून तडे गेल्यासारख्या रेषा येतात.

झाकण उघडून ब्रशने धूळ झाडणं हा त्याचाच पुढचा भाग. बंद घड्याळात धूळ नसते, ती झाकण उघडल्यावर शिरते. आत ताशी 28,800 ठोक्यांनी, जुन्या घड्याळात 18,000 ठोक्यांनी, हलणारं चक्र आहे आणि त्याची केसासारखी स्प्रिंग ब्रशच्या एका केसाने वाकते. पण जुन्या घड्याळांच्या बाबतीत यापेक्षा गंभीर धोका आहे. अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला आपण रेडियम म्हणतो, रिक्षाच्या मागच्या स्टिकरलासुद्धा. त्या स्टिकरमध्ये रेडियम नसतं. पण साधारण 1960 च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर खरोखरचं रेडियम आहे. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे 1,600 वर्षं. आकडे आता चमकत नाहीत कारण त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड थकलं आहे, रेडियम थकलेलं नाही. तो रंग सुकून भुसभुशीत झालेला असतो आणि ब्रश लागला की त्याची पूड हवेत येते, श्वासात जाते. आजोबांचं हिरवट-तपकिरी आकड्यांचं घड्याळ कपाटात ठेवायला हरकत नाही, पण स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते उघडू नका, आणि मुलांच्या हातात तर मुळीच देऊ नका.

चामड्याच्या पट्ट्याला खोबरेल तेल लावलं की तो दोन दिवस छान दिसतो. मग काळवंडतो, शिवणीतला दोरा तेल पितो, थरांमधला डिंक सुटतो आणि पावसाळ्यात त्याला खवट वास येतो. पट्टा कोरड्या फडक्याने रोज पुसा, आठवड्यातून एखादा दिवस त्याला सुट्टी द्या. तो खराब होणारच, बदलायचीच वस्तू आहे.

राहिला तांदूळ. पाणी आहे केसच्या आत, तांदूळ आहे बाहेर, मध्ये काच आणि स्टील. तांदळाला त्या पाण्यापर्यंत वाटच नाही. वाट असलीच तर तिच्यातून तांदळाची पूड आत जाईल. ड्रायरने आतलं पाणी वाफ होऊन मशीनच्या थंड भागांवर पुन्हा बसतं, आणि चक्राच्या खुंटांवर टाचणीच्या टोकाएवढं असलेलं तेल पातळ होऊन पसरतं. काकांनी आधी दीड दिवस तांदूळ केला होता, नंतर ड्रायर. त्या दीड दिवसात चावीच्या दांड्याच्या मुळाशी नारिंगी पूड धरली होती आणि वेळ लावायच्या तरफेवर गंजाचा ठिपका उठला होता. दोन्ही भाग बदलले, मशीन पूर्ण उघडून धुतलं, तिन्ही वॉशर नवे घातले. पहिल्याच संध्याकाळी आले असते तर सुकवून, वॉशर बदलून काम भागलं असतं. काचेआड वाफ दिसली तर बाकी काही करू नका. चावी ढकलून बंद करा आणि त्याच दिवशी दुरुस्ती करणाऱ्याकडे जा. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर त्याच तासाला निघा.

मग घरी करायचं काय? काकांनी हेच विचारलं, आणि त्यांना मी टेबलावरच करून दाखवलं. चावी पूर्ण आत आहे का, स्क्रूची असेल तर फिरवून बसवली आहे का ते आधी पाहायचं. चेन किंवा पट्टा काढता येत असेल तर काढायचा, म्हणजे चेन निर्धास्त धुता येते. साध्या, न तापवलेल्या पाण्यात हात धुवायच्या सौम्य साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि कड्यांच्या सांध्यांवर आडवा हलका हात. पाणी करडं झालं की समजायचं मळ निघतोय. पट्टा अडकवायच्या कानांच्या खाचेत आणि काचेभोवतीच्या फटीत साचलेलं दात कोरायच्या लाकडी काडीने काढायचं, टाचणीने कधीच नाही. केस फक्त ओल्या, पिळलेल्या मऊ फडक्याने पुसायची आणि लगेच कोरडी करायची. 100 मीटर किंवा त्याहून वरचं, गेल्या वर्षभरात तपासलेलं घड्याळ असेल तर ते नळाखाली धरायला हरकत नाही, आणि गोव्याच्या किंवा कोकणच्या समुद्रातून आल्यावर तर गोड्या पाण्याने ते धुवायलाच हवं. बटणांचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचचं घड्याळ, असेल तर पाणी असेपर्यंत बटणं दाबायची नाहीत. चेनची कडी वाळायला वेळ लागतो, ती फडक्यावर पसरून रात्रभर ठेवायची.

सर्व्हिस सेंटरचा खर्च वाचवायचा असेल तर दुकानात जाऊन पूर्ण सर्व्हिस न मागता फक्त वॉशर आणि दाबाची चाचणी मागा. ही चाचणी हवेवर होते, घड्याळ पाण्यात जात नाही. केस किती सूक्ष्म फुगते किंवा दबते ते यंत्र मोजतं आणि काही मिनिटांत कळतं की हवा आतबाहेर होते आहे का. ज्यांच्याकडे ते यंत्र नाही ते घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवून काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवतात आणि मिनिटभराने पुसतात. थेंबाच्या जागी काचेच्या आत धुकं दिसलं तर ओल आत आहे. काकांचं घड्याळ मी दोन्ही प्रकारे तपासून दिलं. मे महिन्यात, पावसाच्या आधी, पुन्हा आणायला सांगितलं आहे.